ड्रॅगनचं प्रकरण, तीन प्रतींत

शुक्रवार, २४ ऑक्टोबर २०२५. सकाळी ७.

पतसंस्थेची ही डायरी तीन वर्षं कोरी पडून होती. आजपासून वापरात. वार जुने छापलेत, ते खोडून लिहीन.

कारण तसंच आहे. काल भाऊबीज. धनश्री पुण्याहून आली होती, सोबत ऑफिसातले तिघं. फराळ झाल्यावर वरच्या खोलीत बसून काहीतरी खेळले. मला वाटलं पत्ते. पण पत्त्यांत कुणी "मी कुऱ्हाड फेकते" असं म्हणत नाही. माझे कान पहिल्यापासून तिखट. नेवाशाच्या तहसील कचेरीसमोर लिंबाखाली एकोणतीस वर्षं दस्त लिहितोय. आत साहेब कुणावर ओरडले आणि खरं म्हणजे कुणावर ओरडायचं होतं, हे मला बाहेर टेबलावर कळतं. तर काल वरून चार तास धनश्रीचं हसणं ऐकू येत होतं. एरवी ही मुलगी आमच्याशी फोनवर आठवड्याला सहा मिनिटं बोलते. त्यातली दोन "आवाज येतोय का" यात जातात.

चौकशी केली. खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण मास्टर. त्याच्याकडे छापलेलं पुस्तक असतं, त्यात सगळी मोहीम लिहिलेली: गाव, गढी, राक्षस, खजिना. मास्टर सांगत जातो आणि बाकीचे कुणी योद्धा, कुणी जादूगार होऊन त्यातून वाट काढतात. जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. यांचा मास्टर अनिमेष. तो पुढच्या आठवड्यात जर्मनीला चालला. म्हणजे खेळ बंद. चौघं सुतकात असल्यासारखे बसले होते.

मी म्हणालो, मी होतो मास्टर. एक शनिवार आड इथं घोडेगावला या, मुक्काम करा, रविवारी जेवून जा.

धनश्री म्हणाली, पप्पा, पुस्तक दोनशे छपन्न पानांचं आहे आणि इंग्रजीत आहे. मी म्हणालो, मी चारशे पानांची वाटणीपत्रं केलीत आणि ते भाऊ अजून एकमेकांशी बोलतात. (दोन प्रकरणांत.)

अनिमेषनं पुस्तक माझ्या हातात दिलं. देताना जरा जास्त वेळ धरून ठेवलं.

निश्चय: दर पंधरा दिवसांनी मुलगी घरी. बाकी सगळा तपशील.

रविवार, २६ ऑक्टोबर.

पुस्तक पाहिलं. छपाई उत्तम, मांडणी भिकार. आधी गढीचा हजार वर्षांचा इतिहास, मग हवामान, मग झाडं. नव्वदाव्या पानावर कळतं की सराईवाला फितूर आहे. असे कागद घेऊन कुणी पक्षकार माझ्या टेबलाशी आला असता तर मी त्याला आधी चहा पाजला असता आणि मग परत पाठवला असता.

प्रकरण साधं आहे. ब्रॅमविक नावाच्या गावाची घंटा एका ड्रॅगननं पळवली. ती जुन्या गढीच्या पंधराव्या खोलीत आहे. ती आणायची. एवढ्यासाठी दोनशे छपन्न पानं. आमच्या तलाठ्यानं एका पानात केलं असतं. सहा महिन्यांनी, पण एका पानात.

ठरवलं: सगळं नीट फायलीला लावायचं. प्रत्येक खोलीला गट नंबर. प्रत्येक खोलीची चतुःसीमा. प्रत्येक राक्षसाचा उतारा. शेवटी पंचनामा.

रोहिणीला (पत्नी) योजना सांगितली. ती म्हणाली, अहो, पोरांना खेळायचंय ना? मी म्हणालो, म्हणूनच.

बुधवार, २९ ऑक्टोबर.

गॉब्लिनांचं काम हाती घेतलं. गॉब्लिन म्हणजे हिरवे, बुटके, चोरटे. एकूण चौदा. प्रत्येकाचं कार्ड करून लॅमिनेट केलं. नाव, वय, धंदा, हत्यार, वडिलांचं नाव. वडिलांचं नाव पुस्तकात एकाचंही नाही. रकाना रिकामा ठेवला तर फाईल परत येते. चौदाही ठिकाणी "अज्ञात" लिहिलं. आता ते सख्खे भाऊ दिसतात, पण इलाज नाही.

शेजारच्या टेबलावरचा बजरंग दिवसभर डोकावत होता. तोही दस्तलेखनिक, वीस वर्षं माझ्या शेजारी. त्याच्याकडे कागद टिकत नाही. कुणाचा उतारा कुणाच्या फायलीत. तरी रांग त्याच्याच पुढं, कारण तो माणसांचं ऐकत बसतो. म्हातारी सुनेचं सांगते, हा ऐकतो. मग म्हातारीला गोष्ट सांगतो. कागद राहतो बाजूला. हा काय धंदा झाला?

त्यानं कार्ड उचलून विचारलं, ह्ये हिरवं बेनं कोन? मी थोडक्यात सगळी मोहीम सांगितली. त्यानं विचारलं, ड्रॅगननं घंटा कशाला न्हेली? मी म्हणालो, त्याचा आपल्याशी संबंध नाही.

सोमवार, ३ नोव्हेंबर.

मोठी सुधारणा केली. लिहून ठेवतो, पुढे कुणी तरी विचारेल.

गढीत अडतीस दारं आहेत. प्रत्येक दाराला अर्धं पान. लाकूड कोणतं, कुलूप कसलं, बिजागरी वाजते का, उघडायला फासा किती पडावा. वाचून डोकं उठलं. मी मूळचा शिंगणापूरचा. आमच्याकडे घराला चौकट असते, दार नसतं. कुत्रं शिरू नये म्हणून फळी टेकवतात, बास. माझं पंधरा वर्षांचं आयुष्य दाराशिवाय गेलं, कुणाचं काही अडलं नाही. मग गॉब्लिनांना कशाला दारं?

अडतीस दारं गाळली. एकोणीस पानं वाचली. नकाशा कसा मोकळा, हवेशीर दिसतोय.

इंग्रजी पुस्तकं लिहिणाऱ्यांना हे सुचत नाही कारण ते थंड देशातले.

अंदाज: मोहीम गुढीपाडव्यापर्यंत चालेल. दहा शनिवार.

शनिवार, ८ नोव्हेंबर. सकाळी ९.

सज्ज. वरच्या खोलीत टेबल. मास्टरसमोर आडोसा लागतो, म्हणजे त्याचे कागद कुणाला दिसत नाहीत. जुना फ्लेक्स कापून केला. "येथे सातबारा, फेरफार, उत्पन्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्र" ही बाजू खेळाडूंकडे. रोहिणीनं संध्याकाळसाठी मासवड्यांचा घाट घातलाय. अकरा वाजता प्रारंभ.

दुपारी १.२०. मंडळी आत्ता आली. शनिवार, त्यामुळं शिंगणापूर फाट्यावर गाड्यांची रांग. धनश्री कुऱ्हाडवाली योद्धा. ईरा जादूगार. गंधार चोर. मुलगा घरंदाज, चष्मा वगैरे, पण खेळात चोर. मला तो काकासाहेब काका म्हणतो. मी म्हणालो, एकदाच काका पुरे.

दुपारी ४.३०. तीनलाच संपलं.

नीट लिहितो. सुरुवातीला दस्ताचं वाचन केलं. "मौजे ब्रॅमविक येथील समस्त ग्रामस्थ, लिहून देणार, आणि योद्धा धनश्री व इतर दोन, लिहून घेणार, कारणे करारपत्र लिहून ठेवतो की..." चाळीस मिनिटं. आवाज छान लागला होता. गंधार मध्ये डोळे मिटून ऐकत होता.

मग गढी. गट नंबर एक, पूर्वेस खंदक, पश्चिमेस गट नंबर दोन. गंधारनं विचारलं, दार कसं आहे? मी म्हणालो, दार नाही. मग दुसऱ्या खोलीला? नाही. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं, हवेशीरपणा आवडला.

तीन नंबरमध्ये पाच गॉब्लिन. मी कार्डं मांडली आणि खोलीचा उतारा वाचून दाखवला. गंधार म्हणाला, "काका, तुमच्या फायलीत लिहिलंय, दार उघडताच गॉब्लिन हल्ला करतात. दार कुठंय?"

मी फाईल पाहिली. तसंच लिहिलं होतं. आयुष्यभर कागदावर जगलेला माणूस. कागदापुढं मी माझ्या बापाचंही ऐकलेलं नाही. म्हणालो, हरकत मंजूर.

गॉब्लिन बसून राहिले. हे तिघं त्यांना रामराम करून पुढं गेले. पुढच्या खोल्यांतही तसंच. चौदाच्या चौदा कार्डं टेबलावर, एकाला ओरखडा नाही. पंधराव्यात ड्रॅगन झोपलेला. "दाराच्या करकरण्याने जागा होतो." करकरायला काही नव्हतं. घंटा उचलली, बाहेर आले. बावीस मिनिटं. गुढीपाडव्याची मोहीम.

ईरानं फ्लेक्स वाचून विचारलं की जादूगाराला उत्पन्नाचा दाखला मिळेल का. चारच्या बसनं तिघं परत गेले. धनश्री म्हणाली, मुक्काम कशाला, लवकर संपलंच आहे तर.

मासवड्या राहिल्या.

मंगळवार, ११ नोव्हेंबर.

मासवड्या आज संपल्या. शांतपणे विचार केला. चूक माझी नाही. खेळाडूंनी तांत्रिक मुद्द्याचा गैरफायदा घेतला. अशा वेळी कायद्यात एकच मार्ग: मागील कार्यवाही रद्दबातल, फेरचौकशी. घंटा पुन्हा ड्रॅगनकडे. तसा आदेश टाईप करून तिघांना व्हॉट्सॲपवर पाठवला. धनश्रीनं अंगठा दाखवला. अंगठा म्हणजे संमती.

अडतीस दारं परत घेतली.

निश्चय: यावेळी कुणाला "कुठं लिहिलंय" असं विचारायला जागाच ठेवायची नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर.

फाईल तयार. तीनशे चाळीस पानं. अनुक्रमणिका, अनुक्रमणिकेची अनुक्रमणिका, रंगीत खुणा: लाल राक्षस, पिवळा खजिना, निळी माणसं. स्पायरल बाइंडिंग.

बजरंगच्या टेबलाभोवती आज गर्दी. मला वाटलं, योजनेचे फॉर्म आले. कान दिला तर तो माझीच मोहीम लोकांना सांगत होता. ब्रॅमविकचं त्यानं जवळचं भानसहिवरं गाव केलं होतं, आणि ड्रॅगनचा बिबट्या. उसात दडलेला. पंख असलेला बिबट्या. एक आजोबा आतल्या खिडकीवर नंबर पुकारला तरी उठेनात, म्हणाले, घंटेचं काय झालं ते कळू द्या आधी.

पुस्तकात नसलेलं सांगतो. बेजबाबदार माणूस. हसतमुखानं तसं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "काकासायेब, पुस्तकात असतं त्ये लोकं वाचत्यात. नसतं त्ये इचारत्यात."

अर्थ लागला नाही. त्याला कागदाचं वावडंच.

शनिवार, २२ नोव्हेंबर. सकाळी ८.

तीन प्रती झेरॉक्स करून बाइंड केल्या. प्रत्येकीवर "खरी नक्कल" शिक्का, खाली माझी सही. कोणताही दस्त असो, दोन्ही पक्षकारांना नक्कल गेलीच पाहिजे. नंतर तक्रार नको की आम्हाला अंधारात ठेवलं. मंडळी आली की आधी चहा आणि नक्कल. पोहोच घेईन.

दुपारी ४.

पोहोच तिघांनीही दिली. सह्या सुवाच्य. मग मी खाली रोहिणीला हाक द्यायला गेलो, तिकडे गॅसची टाकी बदलायची निघाली, वीस मिनिटं गेली. वर आलो तर तिघं नक्कल वाचत होते. बरं वाटलं. माझे पक्षकार कधी वाचत नाहीत.

खेळ सुरू केला. तुम्ही संध्याकाळी सराईत पोहोचता, सराईवाला हसून स्वागत करतो, एवढंच म्हणालो. ईरानं तत्काळ त्याला दोरीनं बांधलं. म्हणाली, पान क्रमांक एकसष्ट, निळी खूण, हा फितूर आहे. गंधारनं पान एकशे चारवरून चोरवाटेचा दगड दाबला. धनश्रीनं पान दोनशे बारा पाहून ड्रॅगनच्या डाव्या पंखाखालची मऊ जागा आधीच पेन्सिलीनं अधोरेखित करून ठेवली होती.

मी म्हणालो, हे सगळं गोपनीय आहे.

धनश्री म्हणाली, "पप्पा, तुम्हीच दिलंत. सही पण घेतलीत."

हे खरं होतं. मी आडोशाआड सरकलो. तिथून "प्रतिज्ञापत्र" उलटं दिसतं.

अठरा मिनिटं. चार मिनिटांची प्रगती, पण उलट्या दिशेनं.

सायंकाळी ६.

आज मुक्काम आहे, कारण बस चुकली. मी गच्चीवर टाकीचं झाकण बघायला गेलो होतो. खाली ओट्यावर तिघं बोलत होते. ऐकायचं नव्हतं, पण कानांना झाकण नसतं. गंधार विचारत होता, सहा तारखेला परत यायचंय का. ईरा म्हणाली, काका गोड आहेत गं. धनश्री म्हणाली, "बघू. ऑफिसचं काहीतरी सांगते मी."

म्हणजे ऑफिसात जबाबदारी वाढतेय. बढती जवळ आली असणार. रोहिणीला सांगितलं. तिनं पोळी दोन वेळा उलटली.

रविवार, ३० नोव्हेंबर.

धनश्रीचा फोन. सहा तारखेला जमणार नाही बहुतेक, ऑफिसात रिलीज आहे. रिलीज म्हणजे काय ते समजावलं नाही. मी म्हणालो, काम आधी. दोन मिनिटं चाळीस सेकंद.

दुपारी फाईल उघडली. गॉब्लिनांची कार्डं फडक्यानं पुसली. लॅमिनेशनवर बोटांचे ठसे राहतात. परत अनुक्रमे लावली. मग पुन्हा पुसली.

निश्चय: अजून बारीक काम हवं. प्रश्नोत्तरं जोडायची. खेळाडू काय विचारू शकतात याची यादी, उत्तरासह. आतापर्यंत दोनशे अकरा प्रश्न झाले.

मंगळवार, २ डिसेंबर.

अंगणात पाण्याचा पाईप जोडत होतो. रोहिणी आत फोनवर. आवाज हळू, पण मला पुरेसा. म्हणत होती, "तुझं रिलीज का काय ते असू दे. तू न्हाई आलीस तर हा माणूस त्या चौदा हिरव्यांना घेऊन माझ्या ओट्यावर बसंल. रोज पुसतोय त्यांना. घराचं गेट पण दोनदा रंगवलंय शनिवारसाठी." एरवी ती शुद्ध बोलते. मायलेकींचं बोलणं असलं की सोनईचं माहेर बाहेर येतं.

हिरव्यांबद्दल तिला एवढी काळजी आहे हे माहीत नव्हतं.

गेट दोनदा नाही, दीड वेळा रंगवलं. रंग कमी पडला.

बुधवार, ३ डिसेंबर.

धनश्रीचा मेसेज: येतोय, तिघंही. रिलीज पुढं ढकललं म्हणे. म्हणजे ऑफिसात तिचा शब्द चालतो. मी म्हटलंच होतं.

शुक्रवार, ५ डिसेंबर.

फाईल चारशे बारा पानं. नक्कल कुणालाही नाही. दारं जागेवर. सगळ्या बिजागऱ्या तपासल्या.

एकच त्रुटी सापडली. कोणताही दस्त दोन साक्षीदारांशिवाय पुरा होत नाही, आणि मागच्या दोन्ही वेळा साक्षीदार नव्हते. इथंच पाणी मुरत होतं. एक साक्षीदार रोहिणी. दुसरा बजरंग, कारण रोज शेजारी असतो आणि फुकट आहे. त्याला बजावलं: साक्षीदारानं बघायचं, बोलायचं नाही. तो म्हणाला, व्हय, आपन भिंत.

शनिवार, ६ डिसेंबर. दुपारी १२.

मंडळी वेळेवर. धनश्री जरा गप्प. बहुधा बढतीचा ताण. साक्षीदार भिंतीला खुर्च्या टाकून. बजरंग पांढरी टोपी घालून आलाय. सुरू करतो.

रविवार, ७ डिसेंबर. सकाळी १०.

कालचं आज लिहितोय, काल सवड झाली नाही.

पहिले तीन तास उत्तम. दारं उघडली, करकरली, गॉब्लिनांनी नियमानुसार हल्ला केला. प्रश्नोत्तरांतले सत्तावीस प्रश्न आले. तीन वाजता ड्रॅगन जागा झाला. इथं लढाई. मी फासे पुढं केले.

पण ईरा म्हणाली, मला लढायचं नाही, आधी त्याच्याशी बोलायचंय. "तू घंटा का नेलीस?"

दोनशे अकरा प्रश्नांत हा नव्हता. पण पुस्तकात असणारच. मी म्हणालो, एक मिनिट. लाल खूण पाहिली. मग पिवळी. मग अनुक्रमणिकेची अनुक्रमणिका. वीस मिनिटं. गंधार फोन काढून बसची वेळ बघायला लागला. माझे कान तापले. पानं भराभरा उलटत राहिलो, स्पायरलमधून दोन निसटली.

तेव्हा भिंत बोलली.

बजरंग म्हणाला, मी सांगू का. आणि माझ्या परवानगीची वाट न बघता, एवढ्या हळू की सगळे पुढं झुकले:

"त्या ड्रॅगनला एक पोरगी हाय. पंख फुटलं तशी ग्येली लांब. ह्यो एकटाच डोंगरावर. खाली गावात रोज घंटा वाजायची अन् शाळा सुटायची, पोरं पळत घरी यायची. त्यो वरनं बगायचा. त्याला वाटलं, घंटंतच काय तरी हाय, वाजवली की पोरं घरी येत्यात. म्हनून उचलून न्हेली. आता रोज वाजवितो. कुनी येत न्हाई."

मी मान खाली घालून पान शोधत होतो, त्यामुळं कुणाचे चेहरे पाहिले नाहीत. धनश्री उठून पाण्याला गेली. बराच वेळ लावला. आली तेव्हा डोळे लाल. वरच्या खोलीत गिलावा राहिलाय, सिमेंट उडतं. मी तिला तसं सांगितलं. ती माझ्या पाठीवर चापट मारून खाली बसली आणि बजरंगला विचारलं, काका, ड्रॅगन घंटा किती वाजता वाजवतो?

त्यानंतर काय झालं ते मला सलग सांगता येणार नाही, कारण ते फायलीत नाही. पोरीचा शोध सुरू झाला. सराईवाला फितूर नाही असं निघालं, त्याला फक्त ऐकू कमी येत होतं. गॉब्लिन क्रमांक चारनं ईराला राखी बांधायला लावली. गंधार हसता हसता खुर्चीवरून पडला. रोहिणी मध्येच सराईवाल्याची बायको झाली आणि सगळ्यांना रागावली. दिवे लागायची वेळ झाली तरी कुणी उठेना.

मला पाच वाजून दहा मिनिटांनी उत्तर सापडलं. मूळ पुस्तक, पान २०३, तळटीप: "ड्रॅगनांना चमकदार वस्तू आवडतात." उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवलं. कुणाचं लक्ष नव्हतं. शेवटी फायलीत नोंद घेतली.

मुक्काम केला तिघांनी. आत्ता खाली थालीपीठं चालू आहेत. एकंदरीत माझी साक्षीदारांची कल्पना यशस्वी.

मंगळवार, ९ डिसेंबर.

धनश्रीनं व्हॉट्सॲपवर गट काढला. त्यात सगळे आहेत. ठरलं: गुढीपाडव्यापर्यंत एक शनिवार आड, इथंच, मुक्कामासह. सात शनिवार. माझ्या मूळ अंदाजात फक्त तीनचा फरक.

मास्टर म्हणून बजरंगचं नाव आहे. हे मी स्वतःहून मान्य केलं. निर्णय आधीच झालेला होता, पण मी स्वतःहून केलं. मोठ्या कामात रोजचं कुणीतरी दुसऱ्यानं बघायचं असतं आणि वरचं नियोजन अनुभवी माणसानं. त्याला फाईल द्यायला गेलो तर म्हणाला, ठिवा तिकडं. त्यानं तिच्यावर चहाचा कप ठेवला. कपाची जागा म्हणून तरी ती रोज त्याच्या नजरेसमोर राहील.

मी आता खेळाडू. व्यक्तिरेखा निवडली: फिरता दस्तलेखनिक, हत्यार बॉलपेन. धनश्री म्हणाली, छान आहे पप्पा, पण जरा जपून.

शनिवार, २० डिसेंबर. दुपारी २.१५.

मेलो.

पहिल्याच वळणावर गॉब्लिन भेटला. बाकीचे झुडपात लपले. मी पुढं होऊन त्याला ओळखीचा आणि रहिवासाचा पुरावा मागितला. बजरंग म्हणाला, गॉब्लिन भाला फेकतो. मी हरकत घेतली. तो म्हणाला, हरकत पोटात घुसली.

आत्ता जिन्यात बसून लिहितोय. वर चौघं ओरडतायत. धनश्रीचा आवाज सगळ्यांत मोठा. कानाला त्रास नाही.

रविवार, २१ डिसेंबर. सकाळी ११.

मंडळी जेवूनच जातील. बस तीनची. पुढचा शनिवार ३ जानेवारी, पक्का.

न्याहारीला माझ्या पुढच्या व्यक्तिरेखेचा विषय निघाला. मी सरदार सुचवला. मग सेनापती. मग निदान गावचा पाटील. गंधार म्हणाला, जागा भरल्यात. शेवटी धनश्रीनं मार्ग काढला. सामान वाहायला त्यांना खेचर लागतं. ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही खेचर व्हा. मी लगाम धरते. मग मरणार नाही तुम्ही."

मी विचार करून होकार दिला. मोहिमेत सामान हाच कणा.

बजरंग जाता जाता म्हणाला, खेचर बोलत नसतंय, बरं का. मी हसून सोडून दिलं आणि वर येऊन पुस्तक पाहिलं. पान ८१ वर खेचराबद्दल चार ओळी आहेत. वजन, चाल, खुराक, किंमत. बोलू नये असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही.